पीच फुलांच्या झऱ्याची गोष्ट बारा फुटी स्क्रोलवर कशी उतरवावी?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना शोधत बसायला नको. ताओ युआनमिंगची पीच फुलांच्या झऱ्याची जुनी चिनी गोष्ट घेऊन तुम्ही बारा फूट लांब, एक फूट उंच अशी आडवी स्क्रोल, म्हणजे गुंडाळून ठेवायचा चित्रांचा लांब पट, करताय. गोष्टीचे सात प्रसंग पाडलेत, प्रत्येकाला साधारण पावणेदोन फूट दिलेत, आणि बघेल तो म्हणतोय की कॉमिक्स वाटतंय. तुम्हाला शंका आहे की रेषा कच्ची आहे किंवा ब्रश चिनी नाही म्हणून असं होतंय. शिवाय फुलांचा गुलाबी कागदावर फुटतोय.

रेषेचं आधी सांगून टाकते. तुमच्या कच्च्या आराखड्याच्या फोटोत रेषा चांगली आहे, ब्रशही चालेल, आपल्याकडे मिळणारा बकरीच्या केसांचा मऊ ब्रश आणि एक जरा कडक केसांचा एवढ्यावर मी पहिली सहा-सात वर्षं काढलीत. गडबड आहे ती वाटणीत. मी बावीस वर्षं शाईत काम करतेय, त्यातली दोन चीनमध्ये हांगझोऊला शिकण्यात गेली, आणि ही गोष्ट मी स्वतः चार वेळा रंगवलीय, त्यातल्या पहिल्या दोन वेळा अगदी तुमच्यासारखीच सात-आठ तुकड्यांत. म्हणून इतकं खात्रीने सांगतेय.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. ही स्क्रोल काचेच्या पेटीत पूर्ण उघडी ठेवणार, की टेबलावर हातात घेऊन उघडत बघायची? पहिलं असेल तर पुढचं निम्मं सोडून दिलं तरी चालेल, कारण मग लोक लांबून सगळं एकदम बघणार. दुसरं असेल असं धरून लिहितेय, कारण आडवी स्क्रोल मुळात त्याचसाठी असते. भिंतीवर टांगायची उभी स्क्रोल हा वेगळा प्रकार, तिच्यात नजर खालून वर चढते. चौ चेनने १५३३ साली याच गोष्टीवर केलेली स्क्रोल तशी आहे, आज सूझौच्या म्युझियममध्ये आहे, तिच्यात खाली पाणी आणि गुहा, वर गाव.

आता गोष्ट. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतेय, कारण ती कुठे थांबते आणि कुठे पळते यावर सगळं ठरतं. ताओ युआनमिंग इ.स. ३६५ ते ४२७ मधला. सरकारी नोकरी सोडून शेतावर जाऊन राहिलेला माणूस. गोष्ट त्याने एका कवितेची प्रस्तावना म्हणून लिहिली आणि पुढे लोकांनी कवितेपेक्षा प्रस्तावनाच जास्त लक्षात ठेवली. वूलिंगचा एक कोळी ओढ्याने होडी घेऊन जात असतो आणि आपण किती लांब आलो हेच विसरतो. अचानक दोन्ही काठांवर पीचची झाडं लागतात, शेकडो पावलं नुसती पीच, दुसरं एकही झाड नाही, खाली हिरवंगार गवत आणि पाकळ्यांचा सडा. तो जात राहतो. झाडं संपतात तिथे ओढ्याचा उगम, उगमापाशी डोंगर, डोंगराला बारीक भोक, आणि आतून उजेड आल्यासारखं वाटतं. होडी सोडून आत शिरतो, सुरुवातीला जेमतेम एक माणूस मावेल इतकं अरुंद, काही डझन पावलं गेल्यावर एकदम मोकळं. सपाट जमीन, घरं, शेतं, तळी, तुती, बांबू, कोंबड्या-कुत्र्यांचे आवाज. तिथले लोक त्याला घरी नेतात, कोंबडी कापतात, दारू देतात. त्यांचे पूर्वज छिन राजवटीच्या धामधुमीत पळून इथे आलेले, हान राजवट होऊन गेली हेसुद्धा यांना ठाऊक नाही. म्हणजे बाहेर जवळपास सहाशे वर्षं गेलीत. थोडे दिवस राहून तो निघतो, बाहेर कुणाला सांगू नका असं सांगितलेलं असतं, तरी येताना वाटेत खुणा करत येतो आणि थेट अधिकाऱ्याला जाऊन सांगतो. माणसं पाठवतात, खुणा सापडत नाहीत, वाट सापडत नाही. नानयांगचा लिऊ झ्ची नावाचा एक सज्जन जायचं ठरवतो, पण आजारी पडून मरतो. त्यानंतर त्या वाटेची चौकशी कुणी केली नाही. संपलं.

आता बघा, यात घडतं किती कमी. मारामारी नाही, राक्षस नाही, राजकन्या नाही. जे आहे ते सगळं जाणं. किती लांब आलो हे तो विसरला, या एका वाक्यावर गोष्ट उभी आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रसंग काढू नका, अंतर काढा. बघणाऱ्यालाही आपण किती फूट पुढे आलो हे विसरायला झालं पाहिजे, मग कोळी चिमटीएवढा असला तरी गोष्ट पोचते.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. हांगझोऊला आमच्या एका बाईंनी पहिल्या आठवड्यात एक छापील स्क्रोल टेबलावर ठेवली आणि उघडायला सांगितली. मी उत्साहाने दोन्ही हातांनी टेबलभर पसरली. त्यांनी काही न बोलता ती परत गुंडाळली आणि स्वतः उघडून दाखवली. डाव्या हाताने थोडी सोडायची, बघायचं, मग उजव्या हाताने बघून झालेला भाग गुंडाळून घ्यायचा, मग परत डावीकडून सोडायची. एका वेळी समोर खांद्याएवढी रुंदी, दीड-दोन फूट, त्याहून जास्त नाही. उजवीकडून डावीकडे. आणि मध्ये एके ठिकाणी त्या थांबल्या, डावा हात तसाच गुंडाळीवर, कागदाच्या कडेला नुसतं होडीचं टोक दिसत होतं आणि पुढे काय आहे ते अजून गुंडाळीच्या आत. तेवढ्यात मला कळलं की इथे गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे हा हात.

आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीशी ताडून बघा. तिथे एकेक सुटं चित्र समोर धरतात आणि कथा तोंडाने, गाण्याने सांगतात, त्यामुळे प्रत्येक चित्र आपल्यापुरतं पूर्ण असलं तरी चालतं, दोन चित्रांमधलं अंतर आवाज भरून काढतो. आडव्या स्क्रोलमध्ये बोलणारं कुणी नाही. जोडायचं काम पाण्याने, धुक्याने, काठाने करायचं असतं.

आणि तुमचं कॉमिक्स का झालं ते इथेच सापडतं. तुमचा एक प्रसंग पावणेदोन फुटांचा, आणि हातात एका वेळी उघडणारा भागही तेवढाच. म्हणजे दर वेळी उघडलं की एक अख्खा प्रसंग, चारी बाजूंनी बंद, समोर. चौकट तुम्ही आखली नाहीत पण हातांनी आखली. उपाय असा की कुठलीही गोष्ट एका उघडण्यात संपू द्यायची नाही. झाडीचं शेवटचं झाड पुढच्या भागात जाऊ दे, डोंगराची सुरुवात झाडीच्या मागून आधीच डोकावू दे.

मी असते तर बारा फूट साधारण असे वाटले असते. उजवीकडून पहिला एक फूट जवळजवळ रिकामा, पाणी आणि लांबचा काठ. मग दीड फूट नदी आणि त्यात होडी. मग तीन फूट नुसती पीचची झाडी, हो, तीन फूट, घाबरू नका. मग दोन फूट डोंगर, गुहा त्याच्या अगदी सुरुवातीला. मग साडेतीन फूट गाव आणि शेतं. शेवटचा एक फूट पुन्हा डोंगराच्या कडा आणि धुकं. हे आकडे म्हणजे नियम नव्हे, तुमचा हात लहान-मोठा असेल त्याप्रमाणे बदला, पण भाग एकसारखे होऊ देऊ नका. तुमच्या आराखड्यात झाडीला मिळालेत पावणेदोन फूट आणि अधिकाऱ्यापुढे उभ्या कोळ्यालाही तेवढेच! तो अधिकाऱ्याचा दरबार काढून टाका. लिऊ झ्चीचं आजारपणही. ते शब्दांत सांगायचं, शेवटी कोऱ्या कागदावर मूळ मजकूर लिहिण्याची पद्धत आहेच, तिथे येईल.

डोंगराच्या त्या दोन फुटांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक फूट उंचीच्या कागदात डोंगर उंच कसा दाखवायचा ही सगळ्यांची अडचण असते, आणि लोक काय करतात, तर शिखर कागदात मावावं म्हणून डोंगर लहान करतात, मग तो वारुळासारखा दिसतो. शिखर कागदाबाहेर जाऊ द्या. वरच्या कडेला डोंगर कापला गेला पाहिजे, आभाळ अजिबात दिसू नये, खडकावर शाई गडद, कोरड्या ब्रशने कुऱ्हाडीचे घाव घातल्यासारखे फटकारे. चिनी लोक या फटकाऱ्याला कुऱ्हाडीचंच नाव देतात, आणि मऊ मातीच्या डोंगराला जे लांब सुटे धागे ओढतात त्याला तागाचं नाव. गुहेच्या आधी ताग, गुहेपाशी कुऱ्हाड, आणि पलीकडे गावात परत ताग, असं केलंत तर बघणाऱ्याला न सांगता अंगाला जाणवतं. गुहेतला उजेड मात्र रंगवू नका. पिवळा तर मुळीच नको, तुमच्या फोटोत आहे तो पुसा. आजूबाजूचा खडक गडद करत आणा आणि भोकाचा कागद कोरा सोडा. गोष्टीत उजेड 'असल्यासारखा' आहे. मग डोंगर संपला की क्षितिज एकदम खाली आणा आणि वर भरपूर कोरं सोडा. दोन फूट कोंडलेला डोळा तिथे सुटतो.

तुम्ही विचारलंय की तोच कोळी पाच वेळा आला तर चूक का. चूक नाही, जुनी रीत आहे. सु शी या कवीची रेड क्लिफवरची दुसरी रचना १०८२ मधली, तिच्यावर च्याओ झोंगचांगने केलेली स्क्रोल अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स म्युझियममध्ये आहे, साधारण साडेपाच मीटर, बहुतेक नुसत्या शाईत. तिच्यात सु शी पुन्हा पुन्हा येतो आणि मूळ मजकुराचे तुकडे चित्रातच लिहिलेत. पण ती जवळून बघाच, नेटवर मोठे फोटो मिळतात. सुरुवातीला कवी आणि त्याचे दोन मित्र रस्त्यावर उभे आहेत आणि जमिनीवर त्यांच्या सावल्या आहेत. चिनी चित्रात सावली जवळजवळ कधीच काढत नाहीत. इथे काढली, कारण मजकुरात तसं वाक्य आहे, जमिनीवर माणसांच्या सावल्या दिसल्या म्हणून मान वर केली तर चंद्र दिसला. एका वाक्यासाठी माणसाने सगळी रीत मोडली! मला ते बघून दर वेळी भरून येतं. तुम्ही तुमच्या गोष्टीत असं एक वाक्य शोधा ज्याच्यासाठी तुम्ही काहीही कराल, आणि बाकीच्यांना जरा मागे सरू द्या.

पाच कोळी मात्र तुमच्या गोष्टीला जास्त होतात. मी दोनच ठेवते, एक होडीत, एक गावात. मधला प्रवास बघणाऱ्याने स्वतः करायचा. गुहेपाशी रिकामी होडी बांधलेली दाखवली की पुरतं. आणि गावातल्या कोळ्याच्या खांद्यावर वल्हं द्या. जुन्या चित्रकारांनी हे केलंय आणि फार सुंदर युक्ती आहे, त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या माणसाला गर्दीत ओळखायचं कसं हा प्रश्न सुटतो, शिवाय तो पाहुणा आहे, परत जाणार आहे, हेही त्या वल्ह्यात आलं.

आता एक निर्णय तुम्हालाच घ्यायचाय. ते गाव साध्या माणसांचं की अमरांचं? ताओच्या मजकुरात जादू काहीच नाही, शेतकरी आहेत. पण पुढे थांग राजवटीतल्या वांग वेई या कवीने एकोणिसाव्या वर्षी यावर कविता केली त्यात ते गाव अमरांचं झालं, नंतर हान यू या लेखकाने त्या असल्या गप्पांना सरळ निरर्थक म्हटलं. चित्रकारांमध्येही दोन्ही आहेत. मिंग काळातल्या चिऊ यिंगची तिआनजिनच्या म्युझियममधली उभी स्क्रोल बघा, निळे-हिरवे डोंगर, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, एकजण छिन नावाचं तंतुवाद्य वाजवतोय, नांगरबिंगर विसरा. कोरियात आन ग्योनने १४४७ मध्ये आनप्योंग राजपुत्राचं स्वप्न तीन दिवसांत चितारलं, ते आता जपानात तेन्री विद्यापीठात आहे, त्यात पीचच्या झाडीत घरं आहेत पण माणूस एकही नाही, रिकामी होडी तेवढी. आणि ते चित्र उलट जातं, डावीकडचे साधे डोंगर आणि उजवीकडे स्वप्नातलं गाव. म्हणजे दिशासुद्धा बदलता येते, कारण पक्कं असलं तर.

मी स्वतः साध्या माणसांच्या बाजूची आहे. कोंबडी कापून पाहुण्याला जेवू घालणारी माणसं ताओने मुद्दाम लिहिलीत, ज्या माणसाने नोकरी सोडून स्वतः शेत कसलं त्याला शेत हाच स्वर्ग होता, त्यावर चकचकीत निळा ओतणं मला जिवावर येतं. पण तुम्हाला अमर हवे असतील तर निळा-हिरवा हवाच, कारण चिनी डोळ्याला तो रंग म्हणजे फार जुना काळ आणि या जगाबाहेरची जागा. रंगाचा निर्णय यातून घ्या, आवडीतून नको.

याच निर्णयावर कागद ठरतो आणि तुमच्या फुटणाऱ्या गुलाबीचं उत्तरही इथेच आहे. तुमच्याकडे जो 'राइस पेपर' म्हणून आलाय तो तांदळाचा नसतो, अस्सल असेल तर आन्हुई प्रांतातल्या जिंग भागातला, एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा, त्याला शुएन कागद म्हणतात. त्यात दोन जाती, कच्चा आणि शिजवलेला, तिकडे हेच शब्द वापरतात. कच्चा शाई पितो आणि पसरवतो, शिजवलेल्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं म्हणून रंग वर थांबतो. तुम्ही कच्च्यावर बारीक फुलं काढताय, फुटणारच. निव्वळ शाईचं आणि हलक्या रंगाचं काम करणार असाल तर कच्चा ठेवा आणि फुलं जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपा. थरावर थर द्यायचे असतील तर शिजवलेला घ्या, तयारच विकत घ्या, घरी तुरटी देऊ नका, जास्त झाली तर काही वर्षांत कागद कुडकुडीत होतो.

खनिज रंगांबद्दल एवढंच की निळा आणि हिरवा दोन्ही दगड दळून केलेले, सरसात कालवायचे, आणि पातळ. आधी खडकाच्या पायथ्याला गेरूसारखा तांबूस, वर नीळ, मग त्यावर हिरवा, माथ्याला निळा, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, पाच-सहा थर धरून चाला. वांग शिमेंगची १११३ मधली जवळपास बारा मीटरची स्क्रोल, बीजिंगच्या पॅलेस म्युझियममधली, तिच्यात गोष्टबिष्ट नाही पण हा रंग काय करू शकतो ते कळतं. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

पीचची फुलं. मी एका मार्चमध्ये हिमाचलात राजगढला मुद्दाम ती बघायला गेले, कारण तोपर्यंत मी ती चेरीसारखी काढत होते, झुबक्यांनी, आणि काहीतरी चुकतंय असं वाटायचं. फुलं थेट उघड्या काडीला चिकटलेली असतात, पानं नुकती टोकं काढत असतात, काडी तांबूस-काळी आणि बरीच सरळ वर जाणारी. म्हणून आधी काड्या शाईने, वाळल्यावर टिपके, फिका गुलाबी आधी, त्याच्या एका बाजूला गडद. तीन फुटांच्या झाडीत प्रत्येक झाड सारखं फुललेलं दाखवू नका. ओढ्याजवळची दाट, मागची नुसता गुलाबी ओलसर डाग, काही ठिकाणी फक्त पाण्यावरच्या पाकळ्या. आणि मध्ये दुसरं झाड घालायचा मोह येईल, पाइन, बांबू, काहीही, तो आवरा, मजकुरात स्पष्ट आहे की दुसरं झाड नव्हतं. पांढरा लागला तर टायटॅनियम घ्या, जुन्या चित्रांतला शिशाचा पांढरा किती ठिकाणी काळा पडलाय.

पाठीमागचा कागद लावायचं काम पावसाळ्यात करू नका. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरतात, आणि आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती वाळता वाळत नाही. माझी दुसरी स्क्रोल मी घाईने ऑगस्टमध्ये चिकटवली आणि गणपती उठेपर्यंत गावाच्या भागावर करडे ठिपके आले होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. दिवाळी होऊ द्या. आणि झालेली स्क्रोल वर्षातून एक-दोनदा कोरड्या हवेत उघडून बघत चला.

शेवटच्या एक फुटाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तिथे सध्या कोळी हात हलवत परत जातोय. त्याला जाऊ द्या, म्हणजे काढूच नका. गावाची शेवटची घरं, मग शेतांचे बांध पुसट, मग धुकं, मग डोंगराची कड बंद. बघणारा तिथे पोचला की त्याला परत फिरायचं असतं आणि स्क्रोल गुंडाळावी लागते. गुंडाळताना सगळं उलट्या क्रमाने येतं, गाव, डोंगर, झाडी, होडी, रिकामं पाणी. कोळ्याचा परतीचा प्रवास बघणाऱ्याचे हातच करतात, आणि वाट खरोखर बंद होते.

तर आता नव्या आराखड्यासाठी साधा पिवळा ट्रेसिंगचा रोल घ्या, बारा फूट कापा, पेन्सिलीने नुसते भाग पाडा, दोन्ही टोकांना लाटणी बांधा आणि घरातल्या कुणाला तरी उघडायला द्या, ज्याला गोष्ट माहीत नाही असा माणूस असला तर उत्तम. त्याचा हात कुठे थांबतो ते बघा. आणि इथे टाकाल तेव्हा जमिनीवर पसरून वरून काढलेला फोटो नको, उघडत जातानाचा व्हिडिओ टाका, हात दिसू देत.